ओब्दुलिओच्या नावानं एक बास्केट

"नाही म्हणू नकोस, लायो. मरताना त्यानं तुझंच नाव घेतलं," असं म्हणून दोन्या प्रोवी माझ्या भावाकडे बघत राहिली. मी पुढ्यात ठेवलेल्या कॉफीला तिनं हातही लावला नाही.

तिचा नवरा ओब्दुलिओ आदल्या दिवशी गेला होता. गावातलं शवपेट्यांचं दुकान त्याचं, आणि बास्केटबॉलचं वेड त्याच्याइतकं कुणालाच नव्हतं. असा चाहता गेला की आमच्या सांता ओलाया गावात दफनाआधी त्याची पेटी कोर्टावर नेतात. मग संघाचा एखादा जुना खेळाडू त्याच्या नावानं बास्केटमध्ये चेंडू टाकतो. एकदाच. तो पडला की टाळ्या वाजतात आणि पेटी उचलतात. न पडल्याचं मला तरी आठवत नाही. माणूसच तसा निवडतात.

लायोनं मान हलवून होकार दिला. माझं डोकंच फिरलं.

का फिरलं ते सांगते. लायो ऐन भरात होता तेव्हा आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला. शेवटच्या क्षणी त्याला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही हुकले. आम्ही एका गुणानं हरलो. त्याचा अंगठा निखळला होता, आणि प्रशिक्षकानं वर पट्टी गुंडाळून, बोलायचं नाही अशी तंबी देऊन त्याला उतरवलं होतं. हे प्रशिक्षक आणि आमचं घर सोडून कुणाला माहीत नव्हतं. आता हरलेल्या संघाची खोटी प्रेतयात्रा काढणं ही आमच्या बेटावरची जुनी मस्करी आहे, पण ती परगावच्या संघाची काढतात. ओब्दुलिओनं आपल्याच गावच्या पोराची काढली. दुकानातली खरी पेटी, वर रंगवलेला लायोचा चौदा नंबर, पुढे ढोल. मेले आमच्या बाल्कनीखाली थांबले आणि छाती पिटून रडायची सोंगं करू लागले. आई वर उभी होती. जिवंत लेकाची पेटी दारात आलेली कुठल्या आईनं बघावी? तिनं बाल्कनीचं दार लावून घेतलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही.

पुढच्या मोसमात संघानं लायोला विकून टाकलं. मग तो बेटभर फिरला, आज या गावाचा, उद्या त्या गावाचा. दोनदा चषक जिंकला, तोही परक्यांसाठी. इथं खेळायला आला की आमचेच शेजारी हुर्यो उडवायचे. गुडघे साथ देईनात तेव्हा थांबला. आता शाळेची बस चालवतो. कधी कुणाबद्दल वाकडा शब्द काढला नाही त्यानं. त्याच्या वाट्याचा राग मीच सांभाळून ठेवला होता.

दोन्या प्रोवी गेल्यावर मी म्हटलं, "चुकव. मुद्दाम चुकव. जाऊ दे मेल्याला तसाच."

"नेरेइदा, तो गेलाय गं."

"आईपण गेली."

तो उठून बस धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. पेटी बास्केटखाली ठेवलेली, तिच्यावर संघाचा झेंडा. लायो लंगडत रेषेपाशी आला. चेंडू दोनदा आपटला आणि असा टाकला की तो कड्यालासुद्धा लागला नाही. मी मूठ आवळली. बरं झालं, असं अगदी मोठ्यानं म्हणाले.

पण लोक टाळ्या वाजवू लागले. बिचाऱ्याचं वय झालं, गुडघे गेलेत त्याचे, असं माझ्या मागची बाई सांगत होती. दोन्या प्रोवीनं तर पुढे होऊन त्याच्या गालावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. तेव्हाचं सगळं ओब्दुलिओनं तुला माफ केलं होतं. एकदा तरी लायोच्या हातून पडू दे, म्हणायचा."

माफ केलं होतं! ओब्दुलिओनं, लायोला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लायोनं तिचा हात अलगद बाजूला केला. चेंडू उचलला, रेषेवर आला आणि टाकला. पडला. पुन्हा उचलून आणला, पुन्हा टाकला. पुन्हा पडला. टाळ्या विरल्या. तो चेंडूमागे लंगडत जायचा, परत यायचा, टाकायचा, आणि प्रत्येक चेंडू जाळीतून सरळ त्या पेटीच्या पायथ्याशी पडायचा. हळूहळू सगळ्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"मघाशी मुद्दाम चुकवलास?" दोन्या प्रोवीनं विचारलं.

"हो. माझ्या आईनं त्याला माफ केलं नव्हतं," लायो म्हणाला आणि त्यानं पुन्हा चेंडू टाकला.

ती पेटीकडे वळली आणि म्हणाली, "उचला."

पेटी निघाली, तिच्यामागून गाव निघालं. जाताना कुणी लायोकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी मनासारखं झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. पण तो अजून चेंडू टाकतच होता, शर्ट घामानं भिजलेला, एक गुडघा वाकतही नव्हता. चेंडू घरंगळत बाकांपर्यंत आला तेव्हा मी खाली उतरून तो उचलला.

"घरी चल आता," मी म्हटलं.

"अजून एक," तो म्हणाला.

मी चेंडू त्याच्याकडे टाकला आणि बास्केटखाली जाऊन उभी राहिले.