काचेच्या साखळीचा लिलाव

लिलावाच्या साइटकडून आलेल्या पत्राचं शीर्षक होतं, 'विक्रेत्यांसाठी आनंदाची बातमी'. व्हर्लीन स्ट्रूपने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. वस्तू लिलावात टाकण्याचं शुल्क काही सेंटांनी उतरणार होतं. विकल्यावर साइट जे कमिशन कापते ते जवळजवळ दुप्पट होणार होतं. राखीव किंमत लावायची, म्हणजे अमुक रकमेखाली वस्तू देणार नाही असं आधीच सांगून ठेवायचं, तर त्याचं शुल्क इतकं वाढलं होतं की लहान विक्रेत्याने तो विचार सोडूनच द्यावा. नवे दर फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून. त्याआधी टाकलेल्या वस्तूंना जुनेच दर.

हॅनवे गावातला काचकारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. कारखान्यात व्हर्लीन तयार माल तपासून खोक्यात भरायची. आता गल्लीत जिच्या घरी संगणक आहे आणि जिला तो वापरता येतो अशी ती एकटीच होती. म्हणून ज्याच्या कपाटात जुनी वाडगी, बश्या, फुलदाण्या उरल्या होत्या, तो त्या तिच्या तळघरात आणून ठेवी. ती फोटो काढी, विकी, पाठवी आणि दहातला एक वाटा ठेवी. मागच्या दोन दरवाढी तिने आपल्याच वाट्यातून भरल्या होत्या. शेजाऱ्यांकडून जास्त मागणं तिला जमलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्फा डंकल आली. बुटांवरचा बर्फ दाराशीच झटकून तिने उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली साखळी टेबलावर ठेवली.

"ही काय आणलीस?" व्हर्लीन म्हणाली. तिने ओळखली होती.

"विकायची. आणि तोंड असं करू नकोस, अजून मेले नाहीये मी."

साखळी मधाच्या रंगाची होती, दोन हात लांब, कडीत कडी. ऑर्फाचा नवरा क्लेल याने ती केली होती. पाळी संपली की भट्टीत उरलेल्या काचेतून कारागीर स्वतःसाठी काहीबाही करत. मालक तिकडे बघत नसे. कुणी काठी करी, कुणी कोंबडा. साखळीच्या वाटेला फारसं कुणी जात नसे, कारण नवी कडी ओवेपर्यंत आधीची गार होऊ द्यायची नसते. अशा वस्तूंवर शिक्का नाही, त्या कुठल्या सूचिपत्रातही नाहीत. पण शौकीन लोक त्यांच्या मागे असतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक साखळी चारशे वीस डॉलरला गेलेली व्हर्लीनने पाहिली होती.

"टाकी किती उरली?" तिने विचारलं. ऑर्फाचं घर अंगणातल्या गॅसच्या टाकीवर गरम राही.

"तळाला गेलीये. गॅसवाला म्हणतो, निदान अर्धी भरणार असाल तर गाडी आणतो. रॉनेल म्हणते, आई, तू इकडे कोलंबसला ये, इकडे खोली गरम आहे. खोली कसली, इस्त्रीचं टेबल ठेवायची जागा. एकदा गेले ना, की परत नाही सोडणार मला. तू चारशेला घाल ही. मी वसंतापर्यंत घरात राहते."

"चारशे आलेच तर साइट कापून घेईल त्यातले."

"घेऊ दे. चर्चमधली दानाची थाळीही घेतेच की."

व्हर्लीनने रविवारी संध्याकाळी लिलाव टाकला. जुन्या दराचा तो शेवटचा दिवस. राखीव किंमत लावली नाही, जुन्या दरानेही ती महागच पडे. बोली डॉलरच्या आतून सुरू केली, कारण त्याला शुल्क सर्वांत कमी आणि स्वस्त आकडा दिसला की चार लोक जास्त डोकावतात. दहा दिवसांच्या लिलावाला वेगळे पैसे पडत, म्हणून सात दिवस घेतले. रविवारी संध्याकाळी आठला संपेल असा हिशेब ती गेली सहा वर्षं करत आली होती. जेवणं आटोपलेली असतात, लोक घरी असतात.

त्या आठवड्यात किराणा दुकानात बटाट्याच्या चिप्सचा डोंगर रचलेला होता. तिने त्याला वळसा घालून दूध घेतलं. तिचा नवरा डॉइल जाऊन तीन वर्षं झाली होती. फुटबॉलचा हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे तो असताना तिला सोफ्यावरूनच कळत असे. तो गेल्यावर तिने टीव्ही वरच्या खोलीत नेला होता.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्री म्हणाले, "संध्याकाळचा बायबलवर्ग आज नाही. तुम्ही सगळे कुठे असणार हे देवालाही माहीत आहे आणि मलाही. मी कोणत्या संघाच्या बाजूने आहे ते मात्र त्यालाच सांगितलंय."

लोक हसले. व्हर्लीन शेवटच्या प्रार्थनेला थांबली नाही. सुपर बोलचा, फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दिवस. अख्खा देश आठ वाजता टीव्हीसमोर असणार होता.

घरी येऊन तिने पान उघडलं. बोली चौदा डॉलर. लिलाव मागे घेण्याचं बटण करडं झालं होतं. शेवटच्या बारा तासांत, बोली आलेली असेल तर, विक्रेत्याला वस्तू काढता येत नाही. तिने तरी ते दोनदा दाबलं. मग शेजारची यादी पाहिली. नव्या दराआधी माल काढायचा म्हणून देशभरच्या विक्रेत्यांनी तिच्यासारखंच मागच्या रविवारी सगळं ओतलं होतं. जुनी काच म्हणून शोधलं की पानांमागून पानं, आणि बहुतेक त्याच संध्याकाळी संपणारी.

संध्याकाळी तिने ऑर्फाला फोन करून बोलावलं. मग लोवेल प्रेदरला लावला. तो पेन्सिल्व्हेनियाचा, कारागिरांच्या अशा वस्तू जमवणारा, तिचं जुनं गिऱ्हाईक. मागून आरडाओरडा ऐकू येत होता.

"व्हर्लीन! काय गं, कुणाच्या बाजूने तू?"

"लोवेल, साखळी आहे. एका बैठकीत केलेली. आठला संपतेय. एकदा बघ तरी."

"अगं बारा माणसं आलीत घरी, ओव्हनमध्ये कोंबडीचे पंख आहेत. आणि खरं सांगू? या आठवड्यात एवढी काच आलीये बाजारात की बायको म्हणते, आता एक तरी आणलीस तर मी तरी राहीन नाहीतर ती. बघतो हं, मध्यंतरात बघतो."

आणखी दोघांना लावले. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने निरोप ठेवायला सांगितलं.

ऑर्फा आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. पडद्यावर छत्तीस डॉलर होते.

"आपणच लावू की बोली," ती म्हणाली. "रॉनेलच्या नावाने."

"पकडतात. खातं बंद करतात. आणि समज आपण जिंकलो, तर आपलीच साखळी आपल्याला विकल्याचं कमिशन त्यांना द्यावं लागतं."

"हे कुणी ठरवलं?"

"त्यांनीच."

"फोन नाही का त्यांचा? मी बोलते."

"फोन नाही ठेवत ते."

ऑर्फा पडद्याकडे बघत राहिली. "आकडा हलत का नाही?"

"पान ताजं करावं लागतं." व्हर्लीनने केलं. छत्तीसच होते.

आठला पाच मिनिटं असताना एक्केचाळीस झाले. शेवटच्या मिनिटात दोघांनी एकमेकांवर चढवत एकसष्टपर्यंत नेले, आणि तिथे हिरव्या अक्षरांत आलं: अभिनंदन, तुमची वस्तू विकली गेली. रस्त्यापलीकडच्या घरात मोठा जल्लोष झाला. त्यांच्या संघाने गुण मिळवले असावेत.

"एकसष्ट," ऑर्फा म्हणाली.

"त्यातून त्यांचं जाईल. माझं मी घेत नाही."

"तुझं घेतलंस तरी गॅसवाला येणार नाही आणि नाही घेतलंस तरी येणार नाही. घे."

व्हर्लीनने पडदा बंद केला. मग ऑर्फा म्हणाली, "फुटली म्हणून कळव."

"फोटो मागतात. फुटलेल्या वस्तूचा."

"मग फोडू या."

साखळी दोघींच्या मध्ये अभ्र्यावर पडलेली होती. कुणीच हात पुढे केला नाही. व्हर्लीनला एवढंच बोलायचं होतं की सौदा मोडला तर खात्याचं गुणांकन खाली येईल, आणि मग तळघरातल्या अर्ध्या गल्लीच्या वस्तू यादीत इतक्या मागे जातील की कुणाला दिसणारही नाहीत. ऑर्फाच्या शेजारणीची फुलदाणीही त्यातच होती. ऑर्फाने कोटाची बटणं लावली.

"चांगली बांध," दारातून ती म्हणाली. "टपालवाले फेकतात."

व्हर्लीनने सोमवारी ती बांधली. कडी न् कडी वेगळी कागदात, मग कापूस, मग खोक्यात खोकं. वर एक चिठ्ठी ठेवली: ही साखळी क्लेल डंकल यांनी हॅनवेच्या कारखान्यात पाळीनंतर केली.

बुधवारी रॉनेल गाडी घेऊन आली. नळांतलं पाणी काढून टाकलं, म्हणजे पाइप गोठून फुटणार नाहीत. ऑर्फाने पुढच्या सीटवर बसून पट्टा स्वतः लावला आणि काच खाली न करताच हात हलवला.

दोन आठवड्यांनी खरेदीदाराचा अभिप्राय आला. व्हर्लीनने कोलंबसला फोन केला.

"पोचली," ती म्हणाली. "एकही कडी तडकली नाही."

"काय लिहिलंय त्याने?"

"छान वस्तू, उत्तम पॅकिंग, लवकर मिळाली."

"क्लेलचं काही नाही?"

"तिथे जागा कमी असते गं. ऐंशी अक्षरं."

"क्लेल मावला असता ऐंशीत," ऑर्फा म्हणाली. मागे टीव्ही चालू होता. "घराकडे चक्कर मारतेस ना?"

"कालच मारली. सगळं ठीक आहे."

"मार्चमध्ये येईन मी. थांब, रॉनेलला काहीतरी विचारायचंय तुला."

रॉनेल फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली असावी. दार लागल्याचा आवाज आला आणि टीव्हीचा थांबला.

"व्हर्लीन मावशी, आईला अजून बोलले नाही मी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण घरातली वाडगी, बश्या, तिचा तो मोठा हिरवा ट्रे… तू टाकशील का साइटवर? एकेक करून? आजकाल किती कापतात ते?"

व्हर्लीनने नवा दर सांगितला.

"एवढा?"

"हो," व्हर्लीन म्हणाली. "या महिन्यापासून."

"बरं," रॉनेल म्हणाली. "मग फोटो कधी काढशील?"