अण्णा आणि आठव्या गल्लीतलं रामेन

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत ‘वाफ’ अशी पाटी लागली, तेव्हा सोमशेखर अण्णांना वाटलं, इस्त्रीचं दुकान निघालं असणार. दोन सदरे घेऊन ते गेलेसुद्धा. आत बघतात तर टेबलं, खुर्च्या, बाकडी, मोठमोठी पातेली आणि काउंटरमागे एप्रन बांधलेली एक तरुण बाई.

“या की अण्णा, बसा,” ती म्हणाली. “रामेन आहे आपल्याकडं.”

अण्णांनी सदऱ्यांची पिशवी बाकाखाली सरकवली आणि बसले. बसायचं खरं कारण वेगळंच होतं. अण्णांचा सगळा जन्म मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर गेलेला. दिवसभर माणसांचा राबता, मोठ्यानं बोलणं, चहावर चहा. आता अडत मुलगा श्रीशैल बघत होता. सून सौंदर्या शाळेत शिकवायची. बायको जाऊन काही वर्षं झालेली. दुपारी टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं असायचं, आणि झाकण काढून एकट्यानं जेवायला बसायचं म्हणजे अण्णांच्या अंगावर काटा यायचा.

“पोरी, आम्ही शाकाहारी माणसं.”

“शाकाहारीचं पातेलं वेगळं, पळीपण वेगळी. काळजी करू नका.”

तिचं नाव संयोगिता. मूळची आजऱ्याची, पुण्यात एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाक शिकलेली. तिनं समोर ठेवलेल्या वाडग्यात रस्सा होता, रश्श्यात लांबच लांब शेवया, वर मक्याचे दाणे, अळंबी आणि कांद्याची हिरवी पात. अण्णा वाडग्याकडं बघत राहिले.

“हे खायचं कसं?”

सकाळपासून तिच्याकडं एक माणूस फिरकलं नव्हतं. ती गडबडली. “आधी रस्सा प्यायचा, नुसता. मग शेवया. मध्ये बोलायचं नाही. आणि भुरका मारला तरी चालतं. जपानात भुरके मारूनच खातात.”

अण्णा खुलले. चहाचा भुरका मारला म्हणून त्यांनी आयुष्यभर बायकोची बोलणी खाल्ली होती. आणि हिकडं एक अख्खा देश भुरके मारत होता! त्या दुपारी त्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला आणि सदऱ्यांची पिशवी तिथंच विसरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पिशवी न्यायला आले ते जेवूनच गेले. मग रोजच यायला लागले. पहिला महिना तर असा होता की ‘वाफ’मध्ये दुपारी संयोगिता आणि अण्णा, दोघंच. लोक काचेतून डोकावायचे आणि “मॅगीच की ही” म्हणून पुढं जायचे. अण्णांना ते सोसवेना. त्यांनी दाराजवळचं टेबल धरलं. कुणी डोकावलं की आतूनच हाक मारायचे, “या की पावणं! बाहेरनं काय कळतंय?”

अडतीवर बसलेला माणूस तो. गिऱ्हाईक कसं बसवायचं, हे त्याला सांगायला लागत नाही. लोक यायला लागले. कॉलेजची पोरं आली, मग त्यांचे आईबाप आले, रविवारी तर बाहेर उभं राहायची वेळ आली. कुणी म्हणायचं झकास, कुणी म्हणायचं अळणी. कुणी परत परत यायचं, कुणी अर्धा वाडगा टाकून उठायचं. संयोगिता सगळ्यांकडं सारखीच हसून बघायची.

अण्णांना तसं जमत नव्हतं.

जोतीराम नावाचा एक गडी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता. तो एका रविवारी बायकोला घेऊन आला. वाडगा पुढं आल्यावर त्यानं चव घेतली आणि हाक दिली, “ताई, जरा लिंबू-कांदा द्या. आणि तिखट.”

“लिंबू न्हाय पिळायचं त्यात,” दाराजवळून आवाज आला.

जोतीरामनं मान वळवली. “का ओ?”

“रस्सा बिघडतोय.”

“माझा रस्सा हाय की!”

“तुमचा असला म्हणून काय झालं? आधी नुसता प्या. मग शेवया. मध्ये बोलायचं न्हाय.”

संयोगिता लगबगीनं लिंबाच्या फोडी घेऊन आली. “असू दे अण्णा. त्यांना आवडतं तसं खाऊ दे.” अण्णांनी त्या फोडींकडं असं बघितलं की जोतीरामनं बशी हळूच बाजूला सारली. नवराबायको खाली मान घालून जेवले. बायकोच्या चमच्यातली शेवई सुटून टेबलावर पडली, तेव्हा अण्णा उठून तिच्याजवळ गेले आणि चमचा कसा धरायचा ते दाखवायला लागले. ती लाजून लाल झाली. अण्णांना वाटलं, तिखट लागलं असेल.

दोन पोरी वाडग्याचे फोटो काढत बसल्या, तर त्यांना ऐकून घ्यावं लागलं, “बाळांनो, शेवया फुगाय लागल्यात. फोटोनं पोट भरतंय व्हय?” त्या खिदळल्या आणि त्यांनी अण्णांचाच फोटो काढला. एका रिटायर मास्तरांनी भाकरी मागितली, तर अण्णांनी त्यांना जपानचा भूगोल सांगितला. मास्तर भूगोलाचेच होते. वाद असा रंगला की दोघांचंही जेवण गार झालं.

अण्णांचे दिवस मोठ्या मजेत चालले होते.

एकदा संध्याकाळी सौंदर्या मटार सोलत बसली होती. अण्णा म्हणाले, “सौंदर्या, मोबाइलवर लोक हॉटेलाबद्दल लिहितात म्हणं. ‘वाफ’चं काय लिहिलंय बघ की.”

सौंदर्यानं हात पुसून फोन घेतला आणि वाचायला लागली. “‘चव एक नंबर. कोल्हापुरात असलं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.’”

“मग!”

“‘तिखट कमी.’”

“मागून घ्यायचं की. तोंड न्हाय काय ह्याला?”

“‘वाट फार बघायला लावतात, पण ताई हसतमुख आहेत.’ ‘पांढऱ्या रश्श्यात मॅगी, दुसरं काही नाही.’”

“खुळं हाय ते. पुढं?”

सौंदर्या थांबली. “पुढं तेच ते, मामा.”

“वाच म्हणतो न्हवं.”

“‘जेवण छान. पण दाराजवळ एक म्हातारे बसलेले असतात, ते नीट जेवू देत नाहीत. बायको पहिल्यांदाच आली होती, तिला फार ओशाळं वाटलं. परत यायचं नाही म्हणाली.’”

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दाराजवळ? दाराजवळ तर मी बसतोय. ह्यो म्हातारा कधी येतोय?”

सौंदर्यानं फोनमध्येच डोकं घातलं. “रात्रीचा येत असेल.”

“उद्या सांगतोच संयोगिताला. असल्या माणसाला दारात बसवू नको म्हणावं. धंद्याचं वाटोळं करंल. अजून काय हाय?”

“‘म्हातारे मालक लई भारी माणूस! त्यांनी खायला शिकवलं. पाच स्टार.’ ‘मालक कडक आहेत.’ ‘हॉटेलात गेलतो का शाळेत, तेच कळलं नाही.’”

“मालक कुठला आणि? ती पोर तर एकटीच चालवती. तिथं दिवसभर दुसरं कोण...”

त्यांनी सुनेकडं बघितलं. ती पुन्हा मटार सोलायला लागली होती, आणि बराच वेळ एकच शेंग सोलत होती.

“लई हायत काय असली?” त्यांनी विचारलं.

“चांगलीपण तेवढीच आहेत, मामा. खरंच.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी घरातलं झाकण काढलं आणि जेवले. तिसऱ्या दिवशीही. आधी त्यांना लोकांचा राग आला. चांगलं सांगायला जावं तर हे असं. मग संयोगिताचा आला. एवढं होतं तर तोंडावर बोलायचं. आणि मग, अंघोळीला बसल्यावर, त्यांना एकदम जोतीरामच्या बायकोची खाली गेलेली मान दिसली. तांब्या हातातच राहिला. तिखट लागलं नव्हतं तिला. अण्णांच्या बायकोला कुणी परक्या माणसानं चारचौघांत असा चमचा धरायला शिकवला असता, तर अण्णांनी त्या हॉटेलाची पायरी पुन्हा चढली नसती.

शेवटी एका दुपारी, गिऱ्हाइकांची वेळ टळल्यावर ते ‘वाफ’मध्ये गेले. संयोगिता एकटीच जेवत होती. त्यांना बघून ती घास टाकून उठली.

“अण्णा! कुठं होता? आजारी होता काय? मी येणार होते घरी.”

“बस, बस. जेव तू.” अण्णा उभेच राहिले. “तू बोलली का न्हाईस मला? लोक काय काय लिहितात, तुला दिसत न्हवतं व्हय?”

संयोगितानं वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, “कसं बोलू? पहिल्या महिन्यात तुम्ही आला नसता तर मी शटर खाली ओढून आजऱ्याला परत गेले असते. रोज सकाळी वाटायचं, आज बंद करूया. आणि मग वाटायचं, अण्णा जेवायला येतील.”

अण्णांनी खुर्ची ओढली. बसून रुमालानं तोंड पुसलं. एवढं पुसायला तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

“पण अण्णा, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांग.”

“ते आधी नुसता रस्सा, मध्ये बोलायचं नाही, ते काही खरं नाही. भुरक्याचं खरं आहे. बाकीचं तुम्ही विचारलंत म्हणून मी घाबरून काहीतरी सांगितलं. मी कुठं जपानला गेलेय? मी पुण्यात शिकले. आमचे आचारी नेपाळचे होते, आणि त्या हॉटेलात येणारे लोक खाताना नुसती बडबड करायचे.”

अण्णा तिच्याकडं बघतच राहिले. महिनोन्‌महिने त्यांनी अर्ध्या राजारामपुरीला गप्प बसवलं होतं. भूगोलाचे मास्तर तेवढे ऐकले नव्हते. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसले की त्यांना ठसकाच लागला. संयोगितानं पाणी आणून दिलं, तर तीही हसत होती.

“आणि मी सगळ्यांना शपथेवर सांगत होतो!” अण्णा डोळे पुसत म्हणाले. “आयला, लिंबू पिळलं तर काय होतंय मग?”

“काय होतंय? आंबट होतंय.”

दोघं पुन्हा हसले.

अण्णा जायला उठले तेव्हा संयोगिता म्हणाली, “या उद्यापासून. पण फक्त जेवायला या. आमचं हॉटेल आम्ही बघतो.” एवढं स्पष्ट ती पहिल्यांदाच बोलली. अण्णांना जरा लागलं, पण बरंही वाटलं. अडतीवर त्यांनी स्वतःच कितीतरी जणांना असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले आणि आतल्या भिंतीजवळच्या टेबलावर बसले, दाराकडं पाठ करून. अवघड होतं ते. मागं कुणी तरी म्हणत होतं, “ह्यात भात मिसळू काय?” अण्णांच्या मानेची शीर ताठ झाली, पण मान वळली नाही.

हॉटेल भरलं होतं. संयोगितानं त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर एका म्हाताऱ्या बाईला आणून बसवलं. शाहूवाडीकडची, धोंडुबाई नावाची. मुलगा इथं नोकरीला, त्यानं आईला मुद्दाम आणलेलं. पण त्याला ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाहेर उभा राहून बोलत होता. धोंडुबाईंनी एक चमचा रस्सा घेतला, एक शेवई उचलली, आणि वाडगा लांब सारला.

“मला न्हाय आवडलं,” त्यांनी अण्णांना सांगितलं, जसं काही अण्णांनीच विचारलं होतं. “पोरगं नाराज हुईल. पण न्हाय आवडलं.”

अण्णांच्या ओठावर सगळं आलं. जरा गरम असताना खा, शेवया अशा उचला, अळंबी आधी खा. त्यांनी ते सगळं घशाखाली ढकललं. मग विचारायला काहीतरी हवं म्हणून म्हणाले, “मग तुम्हाला काय आवडतं?”

धोंडुबाईंनी पदर सारखा केला. “भात. दुसरं काय? आमच्या रानातला.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. डोंगराच्या उतारावरची त्यांची खाचरं, त्यात हिवाळ्यापर्यंत न वाळणारा चिखल, जुना तांबूस भात जो आता कुणी लावत नाही पण त्यांनी एका कोपऱ्यात ठेवलाय, त्याची पेज, त्या पेजेला येणारा वास. शिजताना शेजारणीला कळतं म्हणाल्या, आज धोंडुबाईच्या घरी कुठला भात. अण्णा मध्ये मध्ये “व्हय?” म्हणत होते. आयुष्यभर गूळ विकला, पण भाताला एवढे वास असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. का त्यांनीच कधी कुणाला सांगू दिलं नव्हतं, कोण जाणे.

मुलगा फोन संपवून आत आला तेव्हा आईचा वाडगा भरलेला होता आणि तोंड चालू होतं. “आई, खाल्लं न्हाईस?”

“अरं, ह्या पावण्यांशी बोलत बसले,” धोंडुबाई म्हणाल्या आणि अण्णांकडं बघून हळूच डोळे मिचकावले. “लई बोलतात बघ हे.”

“व्हय की,” अण्णा म्हणाले. “माझ्यामुळंच ऱ्हायलं त्यांचं.”

मायलेक गेल्यावर अण्णांनी स्वतःचा वाडगा पुढं ओढला. रस्सा गार झाला होता, शेवया फुगल्या होत्या. संयोगिता लांबून म्हणाली, “अण्णा, गरम करून देऊ?”

“ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले. “आणि ऐक, शाहूवाडीकडं तांबूस भात मिळतोय म्हणं. एखाद्या रविवारी जाऊन येऊ काय आपण? सौंदर्यालापण घेऊ.”

“जाऊ की,” संयोगिता म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिनं आत बोलावलं.