नमुन्याचा ट्रे आणि मालकीणबाईंची न्याहारी

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एक कोपरा चेपला आहे आणि माझ्या कडा हातोडीने ठोकून उलगडलेल्या आहेत. नवीन माणूस मला पाहतो तेव्हा त्याला वाटते, हे काय अजून घरात ठेवले आहे. त्याला खुशाल वाटू द्या. माझी कहाणी ऐकून झाली की मग त्याचे मत विचारू.

माझा जन्मच मुळी उरलेल्या तुकड्यातून झाला. एका बेकरीसाठी पत्रेकाम करणारा कारागीर काळ्या पत्र्याचे मोठे ट्रे कापत होता. शेवटी एक छोटा तुकडा उरला. कारागीर तो फेकून देणार होता, पण बेकरीचे मालक म्हणाले, याच्याही कडा दुमडून द्या, नमुन्याला होईल. तेव्हापासून मी नमुन्याचा ट्रे झालो. बेकरीत कोणतेही नवे बिस्किट करायचे असले की आधी माझ्यावर चार-सहा भाजून बघायची. जळली तर मी काळा पडायचो. जमली तर मोठे ट्रे भट्टीत जायचे आणि वाहवा त्यांची व्हायची. मोठे ट्रे मला चिमुरडा म्हणत. मी म्हणायचो, तुम्ही रोज तेच ते भाजता, बेकरीतली प्रत्येक नवी वस्तू आधी मी पाहिली आहे. मूर्ती लहान असली म्हणून काय झाले?

मालकांचा हात मला फार आवडायचा. पीठ ठेवण्याआधी ते उजवा हात मैद्याच्या डब्यात घालत, चिमूटभर मैदा मनगटाच्या एका झटक्यात माझ्यावर भुरभुरवत आणि मला टेबलाच्या कडेवर ठोकून जास्तीचा झटकून टाकत. कोरड्या ट्रेला पीठ चिकटते, म्हणून सगळेच बेकरीवाले असे करतात. मालक हे करताना गिऱ्हाइकाशी बोलत असत, हिशेब सांगत असत, कधी चक्क जांभई देत असत. हाताचे काम हात करायचा.

मालकीणबाई गल्ल्यावर बसायच्या. पहाटेचा पाव निघून गेला आणि दुकान उघडायला थोडा अवकाश असला की दोघे जण उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर समोरासमोर बसत. मालक घरीच भाजलेले गव्हाचे कुरकुरीत फ्लेक्स दोन वाट्यांत काढत, वर गार दूध ओतत, आणि दोघे मुकाट्याने खात. दिवसभरात त्यांना एकमेकांसमोर बसायला तेवढाच वेळ मिळायचा. त्या वेळी कोणी दार वाजवले तर मालकीणबाई आतूनच सांगत, दुकान बंद आहे.

पुढे मालकांचे गुडघे दुखू लागले आणि बेकरी मुलाच्या हाती गेली. मुलगा हुशार, कामाला वाघ. त्याने विजेची मोठी भट्टी आणली आणि आमचे सगळे मोठे ट्रे भंगारात गेले. मी तेवढा मालकांच्या काखेतून घरी आलो, कारण घरच्या लहान ओव्हनमध्ये मी बरोबर मावत होतो. पण घरी मला काम कुठले? मला कपाटावर ठेवले आणि माझ्यावर कांदे पसरले. नमुन्याचा ट्रे, आणि वर कांदे! मला किती राग आला असेल याची तुम्हीच कल्पना करा.

अशातच मालकीणबाई खंगत चालल्या. जेवले की पोट दुखायचे, काही अंगी लागायचे नाही. सगळे म्हणायचे, वय झाले. त्या म्हणायच्या, वय माझ्या पोटातच तेवढे झाले आहे का? शेवटी तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की गहू यांच्या आतड्यांना शत्रू आहे, चिमूटभरही चालणार नाही. रक्तात साखरही वाढली होती, म्हणून बाकीची धान्येही बंद. अंडे खाल्ले की अंगावर गांधी उठत, तेव्हा तेही बंद. बेकरीवाल्याची बायको, आणि बेकरीतले काहीच चालत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नातेवाइकांना तर हसायला विषयच मिळाला.

मालकीणबाई पथ्याला भ्यायल्या नाहीत. त्यांचे दुःख वेगळे होते. सकाळी मालक आणि मुलगा टेबलाशी बसून दुधात फ्लेक्स खात आणि त्या ओट्याशी उभ्या राहून उकडलेली भाजी खात. टेबलावर गव्हाचा कण असेल, उगाच धोका नको, असे मुलगा म्हणे. काळजीपोटीच म्हणे तो, पण त्या काळजीने त्यांना टेबलावरून उठवले होते. एके सकाळी त्यांनी भाजीची बशी ओट्यावर ठेवली आणि मालकांना म्हणाल्या,

"अहो, मला तुमच्यासमोर बसून खायचंय. दुधात घालून, कुरकुरीत. जगातलं सगळं भाजलंत तुम्ही, माझ्यापुरतं एवढं करा."

मालक स्टुलावर चढले, कांदे टोपलीत ओतले आणि मला खाली घेतले. त्या क्षणी मला जे वाटले ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत, मित्रांनो. नवे काहीतरी करायचे होते आणि मालकांना माझी आठवण झाली होती.

मालकांनी टेबल पुसून काढले. बदामाची पूड, सुक्या खोबऱ्याचा चुरा, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, दालचिनी, चिमूटभर मीठ आणि थोडे लोणी असे एकत्र मळले. ना धान्य, ना अंडे, ना साखर. मालकीणबाईंना त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवले होते. झाल्यावर बोलावतो, म्हणाले. पहिला घाणा जळला, कारण मैद्याला जो रंग यायला वेळ लागतो तो बदामाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येतो. दुसऱ्या वेळी आच मंद ठेवली, तर सगळ्याचा भुगा झाला. अंड्याशिवाय धरून ठेवणार कोण? मालक डोक्याला हात लावून बसले. पाणी प्यायला आलेल्या मालकीणबाईंनी ओट्यावरच्या एका वाटीत बोट घातले. त्या वाटीत जवसाची पूड सांडली होती आणि वर पाणी पडले होते. बोट वर काढले तर तार आली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हे सोडत नाहीये."

जवसाने काम केले. तिसऱ्या वेळी मालकांनी तो गोळा माझ्यावरच लाटण्याने पातळ लाटला, सुरीने नखाएवढे चौकोन पाडले आणि मंद आचेवर सावकाश भाजले. बाहेर काढल्यावर कोणाला हात लावू दिला नाही, कारण हे गरम असताना मऊ असते आणि गार झाले की कडक होते. मग दूध ओतले. मालकीणबाई टेबलाशी बसल्या आणि पहिला घास चावला. तो आवाज मी ओट्यावरून ऐकला. मी आयुष्यात पुष्कळ बिस्किटे भाजली, पण एवढी ऐट मला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या पोट धरून अंथरुणात पडल्या.

मुलगा स्वयंपाकघरात आला, इकडे तिकडे बघू लागला आणि त्याची नजर माझ्यावर खिळली. तो वडिलांना म्हणाला, याच्या दुमडलेल्या कडांत आयुष्यभराचा मैदा बसला आहे, हाच आईच्या पोटात गेला. मला भंगारवाल्यासाठी मागच्या पायरीवर नेऊन ठेवले. मित्रांनो, माझ्या कडांत मैदा होता हे मी नाकारत नाही. पण तो जळून कोळसा झालेला, घडीत घट्ट बसलेला. खरा मैदा कुठून आला ते मी माझ्या पाठीवर अनुभवले होते आणि मला तोंड नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी गत. मी रडलो नाही. पायरीवर पडल्या पडल्या उघड्या दारातून आत बघत राहिलो. बघू या म्हटले.

मुलाने नवा चकचकीत ट्रे आणला. काहीच चिकटत नाही म्हणे त्याला. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटले. मालकीणबाई चार दिवसांत उठल्या आणि पुन्हा करा म्हणाल्या. मुलगा संतापला. हा जिवाशी खेळ आहे, उकडलेले खा आणि स्वस्थ बस, असे त्याने सांगितले.

"जीव माझा आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि न्याहारीही माझीच आहे."

नव्या ट्रेवर घाणा झाला. ओव्हनमध्ये तापताच तो ठण्णकन वाकला आणि एका बाजूचे चौकोन कच्चे राहिले. तरी त्यांनी खाल्ले. आणि पुन्हा आजारी पडल्या. मला आता आनंद व्हायला हवा होता, कारण मी निर्दोष ठरलो होतो. पण आतून त्यांचे कण्हणे ऐकू येत होते आणि माझ्या निर्दोषपणाचा मला काही उपयोग वाटेना.

मालकांनी हाय खाल्ली. आपल्या हाताला यश नाही, आता नको, असे ते म्हणू लागले. मालकीणबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या, खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, माझ्यासमोर करा, मला बघू द्या. मालकांनी नाइलाजाने बदामाची पूड घेतली. बाई एकेका वस्तूचा वास घेत होत्या, एकेक भांडे उलटे करून पाहत होत्या. गोळा तयार झाला. मालक त्यांच्याशी बोलत बोलत ट्रेकडे वळले. आणि त्यांचा उजवा हात फळीवरच्या डब्यात गेला, मनगटाचा झटका बसला, ट्रे टेबलाच्या कडेवर ठोकला गेला.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता काय केलंत?"

"कुठे काय केलं?"

"तुमचा हात बघा."

मालकांनी हात बघितला. बोटे पांढरी झाली होती. डबा मैद्याचा होता, मुलाच्या पावासाठी घरात ठेवलेला. मालक बराच वेळ त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहत राहिले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि ही खोड तर त्यांना माहीतही नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"मीच तुला विष घालत होतो."

"विष नाही हो, मैदा," बाई म्हणाल्या. "उगाच मोठं करू नका. तो डबा घराबाहेर काढा आणि पायरीवरचा ट्रे आत आणा. हा नवा वाकतो."

मुलाने मान खाली घालून डबा उचलला आणि बेकरीत पोचवला. पण मला आत आणताना तोच म्हणाला की कडांतल्या मैद्याचे काय. आणि त्याचे बरोबर होते. मालकांना वाईट वाटले. कडा उलगडल्या, वरचा काळा थर खरवडला तर हा पूर्वीचा राहणार नाही, असे ते म्हणाले.

"माझं तरी पूर्वीचं काय उरलंय?" मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणून मी टेबलाशी बसायचं सोडलं का?"

मग मागच्या अंगणात जाळ केला. मालकांनी माझ्या कडा पक्कडीने उलगडल्या, हातोडीने सपाट केल्या, मला लाल होईपर्यंत तापवले आणि काथ्याने, वाळूने घासघासून अंगाचा मूळ रंग दिसेपर्यंत खरवडले. इतक्या वर्षांत भाजून भाजून आलेली माझी काळी झळाळी गेली. दुखले, मित्रांनो. ती झळाळी माझी कमाई होती. पण मी वाकलो नाही, हे लिहून ठेवा.

नंतर मला धुऊन, लोणी लावून घाणा केला. मालकीणबाई शेजारी बसल्या होत्या. लाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी मालकांचा उजवा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला आणि मालकांनी डाव्या हाताने वेडेवाकडे लाटले. चौकोन एकही चौकोनी नव्हता. गार झाल्यावर दोन वाट्या भरल्या, कारण मालकांनी त्या दिवसापासून गव्हाचे फ्लेक्स घरात बंद केले. दोघे समोरासमोर बसले. मालक चावता चावता म्हणाले, दालचिनी थोडी कमी हवी होती. बाई म्हणाल्या, उद्या. दुसरा दिवस उजाडला आणि त्या आपल्या पायांनी चालत स्वयंपाकघरात आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. आता मुलगा बेकरीत जाण्याआधी हात धुऊन त्यांच्या टेबलाशी बसतो आणि त्यातलेच मूठभर खातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला तुमची दया नको. आम्हाला तापवा, ठोका, घासा, पण चौकशी केल्याशिवाय पायरीवर ठेवू नका. आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुमच्याही घरात कोणाच्या तरी ताटात वेगळे वाढावे लागत असेल. आजारामुळे, वयामुळे, कशामुळेही. त्याचे खाणे वेगळे असू द्या, त्याची जागा वेगळी करू नका. टेबल धुवा, हात धुवा, डबे बाहेर काढा, पण त्याला ओट्याशी उभे करू नका. एवढे ज्याला जमत नाही, त्याने मला जुना म्हणू नये.

आता जरा बाजूला व्हा. ओव्हन तापला आहे आणि मालकीणबाईंनी मालकांचा हात धरला आहे.