आईच्या दम्याच्या फुल्या

"शहरं थोर माणसांच्या दूरदृष्टीतून उभी राहतात," नगररचना खात्याचे नवे साहेब दवाखान्याच्या बाहेरच्या जिन्यापाशी उभे राहून म्हणाले. आमचं शहर माझ्या आईच्या दम्यातून उभं राहिलं, पण माझ्यासारख्या निवृत्त ड्राफ्ट्समनचं कोण ऐकतं?

जिन्याच्या दुसऱ्या वळणावरचा दगडी बाक उद्या निघणार होता. तिथे जाहिरातींचा पडदा येणार होता. तो बाक वाचवायला मी बाईंना घेऊन आलो होतो. बाई म्हणजे या शहराचा आराखडा आखणाऱ्या वास्तुविशारद. वय शहाऐंशी.

कागदाला पेन्सिल लावण्याआधी बाईंनी आईला महिनाभर गावभर चालवलं होतं. आई धापा टाकत थांबली, की बाई तिथे खडूनं फुली मारायच्या. मागे टेप धरून मी, तेव्हा बाईंकडे शिकाऊ.

"अहो बाई, माझा जीव चाललाय नि तुम्ही फुल्या काय मारताय?"

"मारू द्या हो. तुम्ही थांबलात तिथे उद्या हजार जणी थांबतील."

फुली तिथे बाक, बाकाशेजारी झाड. अशा एकशे चौदा. देशोदेशीचे विद्वान येऊन वह्या भरून नेतात. कुणी म्हातारं बाकावर टेकलेलं दिसलं, की मला अजून आईचा श्वास ऐकू येतो. शेवटची फुली या जिन्यातली. त्यानंतर आई घराबाहेर पडलीच नाही.

"बाक नियमात नाही, बाई," साहेब म्हणाले.

बाई वाद घालत नाहीत. "जागेवर जाऊन बोलू," म्हणाल्या नि काठी टेकत चढू लागल्या. पायरीला एक श्वास. साहेब फोनवर बोलत तरातरा पुढे गेले.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब बाकावर ऐसपैस पसरले होते. शर्ट भिजलेला, धाप लागलेली. बाई दुसऱ्या टोकाला बसल्या, चष्मा बाजूला ठेवून घाम पुसू लागल्या. खालून एक आजोबा भिंत धरत आले, भरलेला बाक पाहून तसेच उभे राहिले. साहेब बाईंकडे सरकले.

"या आजोबा, टेका," साहेब म्हणाले.

मग साहेबांनी फोन लावला. "तो पडदा खाली, औषधांच्या खिडकीजवळ लावा. नाही, बाक राहू दे."

बाई आता इतिहासात नोंदवण्यासारखं काही बोलणार, म्हणून मी कान टवकारले. त्या साहेबांकडे झुकल्या.

"जरा उठता का? माझ्या चष्म्यावर बसलात."