इथलीकरीण

“वैनी, मुंबयला फोन लागला काय?” हरेश्वरनं ओट्यावरून तिसऱ्यांदा विचारलं.

“लावतंय रे, लावतंय,” वेणूबाई आतून ओरडली.

ओट्यावर हरेश्वरची बायको, म्हणजे वेणूबाईची धाकटी जाऊ किशोरी, चादरीखाली निजली होती. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि पेला खाली ठेवायच्या आत सगळं आटोपलं. आता दहा वाजत आले होते. बांबू आले, मडकं आलं, रेवदंड्याचा निम्मा कोळीवाडा दारात जमला. खोळंबा होता तो एकाच गोष्टीचा. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. ती पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. किशोरीचं माहेर मुंबईला, आणि मुंबईहून अजून कोणाचा पत्ता नव्हता.

किशोरीचा मुलगा धनेश आईच्या पिशवीतली जुनी वही घेऊन आत आला. त्याचे डोळे सुजले होते. “मोठे आय, यात आयच्या मामाचा एक नंबर हाय. तू बोल. माझ्यानं न्हाय बोलवनार.”

वेणूबाईनं फोन घेतला आणि मागच्या पडवीत गेली. खरं सांगायचं तर तिला रडू येत नव्हतं. सकाळपासून बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, ‘तुजी पाठची गेली गो’ म्हणत होत्या, आणि तिच्या मनात मात्र एकच किडा वळवळत होता. मेलीनं इथंही बाजी मारली. कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा, नवरा उशाशी बसून रडतोय. अहेव गेली. आणि आपण आठ वर्षं पांढऱ्या कपाळानं मासळी विकतोय.

ही जळजळ आजची नव्हती. चाळीस वर्षांची होती, आणि तिचं मूळ एका नावात होतं.

कोळीवाड्यात सून आली की तिला दोन नावं मिळतात. एक लग्नात ठेवतात, ते रेशनकार्डावर जातं. दुसरं तिच्या गावावरून पडतं, आणि हाक त्याच नावानं मारतात. थळची ती थळकरीण, नवगावची ती नवगावकरीण. वेणूबाईचं माहेर तीन गल्ल्या सोडून. बापाच्या ओट्यावरून हाक मारली तर सासरी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तिला कुठली करीण म्हणणार? गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सुटल्यावर, आणि हिचं गाव कधी सुटलंच नाही. ती आपली वेणूची वेणूच राहिली.

नव्या नवरीपणी एकदा तिनं नवऱ्याला, काळूरामला, विचारलंही होतं. “मना का वो कोनी कुठलीकरीण बोलत न्हाय?”

जाळं सांधता सांधता काळूराम हसला होता. “तू इथलीच. तुना बोलायचं इथलीकरीण!”

नवऱ्याची थट्टा होती, पण वेणूबाईला ती काट्यासारखी लागली.

त्यानंतर दोनच वर्षांनी हरेश्वरची नवरी आली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरली आणि तिथून टेम्पोनं दारात. तोंडात पानाचा विडा असलेल्या म्हाताऱ्या सासूनं तिला उंबऱ्यावर थोपवून विचारलं, “कुठली गो तू?” नवरी घाबरून गप्प. बरोबरच्या कोणीतरी सांगितलं, “मुंबयची.” झालं. त्या क्षणी कोळीवाड्याला मुंबईकरीण मिळाली.

आणि काय ते नाव! थळकरणीला कोणी ढुंकून विचारत नसे, पण मुंबईकरणीभोवती पहिल्या महिन्यात बायकांचा घोळका. मुंबयला म्हनं नलाला रात्रंदिवस पानी? ती नुसती हसायची. बाजारात दोघी जावा शेजारी बसायच्या. दोघींची मासळी एकाच होडीतली. तरी गिऱ्हाईक विचारायचं, “मुंबईकरीण बाई कुठे बसतात?” वेणूबाईचे बोंबील तिच्या बोंबलांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. पण बोंबलाला नाव लागतं, हे तिला तिथंच कळलं.

सणाला तर विचारूच नका. इतर सुना पिशव्या भरून एसटी धरायच्या. वेणूबाई पायात चपला सरकवून माहेरी जायची आणि संध्याकाळच्या भाकऱ्या थापायला परत यायची. “माहेराला निघालीस काय?” असं तिला उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नाही. बरं, मुंबईकरीण तरी कुठे जायची? पहिल्या वर्षी आठ दिवस गेली, ती शेवटची. “गर्दी गो फार तिकडं, जीव घुसमटतो,” म्हणायची. पण दर दिवाळीला नवी साडी नेसून मिरवायची आणि विचारलं की सांगायची, “मुंबयवरना आयली.” एकदा त्या साडीचा खोका वेणूबाईनं पाहिला होता. त्यावर अलिबागच्या दुकानाचं नाव होतं. ‘आता मुंबईवालेही अलिबागेत खरेदी करतात वाटतं,’ असं म्हणून तिनं आणखी जळून घेतलं होतं.

पलीकडे फोन उचलला गेला. बाईचा आवाज, मागे टीव्ही.

“कौन? हां, बोला.”

“रेवदंड्यावरना बोलतंय. किशोरी वारली. साडी घेऊन कोन येताव?”

“कोण किशोरी?”

वेणूबाईनं सगळं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“अच्छा, ती! सासरे सांगायचे तिच्याबद्दल. ते तर केव्हाच ऑफ झाले. ती आमची नाही ओ, लांबच्या नात्यातली. न्हावे गावची पोरगी. आईबाप गेले म्हणून सासऱ्यांनी आणली. वर्षभर होती आमच्याकडे, डॉकवर कोळंबी सोलायला जायची. मग लग्न लावून दिलं.”

“मग न्हाव्याला कोन हाय तिचं?”

“कोण असणार? घर होतं ती जागाच बंदरात गेली ना. आता कंटेनर आहेत तिथे. आणि आम्ही विरारला आलो, आम्हाला नाही जमणार. सॉरी हां.”

फोन बंद झाला.

वेणूबाई पडवीच्या पायरीवर बसली. वर्षभर! चाळीस वर्षं जिचा हेवा केला ती मुंबईकरीण वर्षभराची होती. आणि तेही कोळंबी सोलत! तिला अगदी हसू फुटलं. साड्या अलिबागच्या, जीव घुसमटतो तो याच्यासाठी, सगळं आता जुळलं. बाहेर सगळा कोळीवाडा जमलेला होता. नुसतं ओट्यावर जाऊन एक वाक्य बोलायचं. ही कुठली मुंबयकरीण? ही न्हावेकरीण. चाळीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता.

“न्हावेकरीण,” तिनं हळूच म्हणून पाहिलं. नाव जिभेवर बसेना. मग तिला ती घाबरलेली नवरी आठवली, उंबऱ्यावर गप्प राहिलेली. खरं नाव सांगायचं तर मागे काही उरलंच नव्हतं. नसलेल्या माहेरासाठी दर दिवाळीला स्वतःच जाऊन साडी आणायची आणि खोका लपवायचा. वेणूबाईला तिचा राग आला. मेले, मना तरी सांगायचंस. मी काय खाल्ली असती तुला? पण सांगितलं असतं तर आपण दुसऱ्याच दिवशी बाजारभर केलं असतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

“मोठे आय?” धनेश दारात उभा होता. “येतायत काय?”

“थांब जरा.”

ती माजघरात गेली आणि स्वतःची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी डांबराच्या गोळ्यांमध्ये हिरवीगार साडी होती. तिच्या आईनं मरायच्या आधी घेऊन ठेवलेली. ‘अहेव गेलीस तर ही घालतील. तवा मी नसन,’ असं म्हणून आईनं स्वतः फॉल लावून दिला होता. हिरवा दोरा मिळाला नाही म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं. मग काळूराम आधी गेला आणि साडी पेटीतच राहिली. नेसता येईना, कोणाला देववेना.

हातात घेतल्यावरही तिचा जीव तुटला. पुन्हा ठेवावी असं दोनदा वाटलं. मग ती ओट्यावर आली.

“ही घ्या. मुंबयची साडी.”

“आयली कवा?” एका म्हातारीनं विचारलं.

“तिच्या मामानं कवाच धाडलेली. किशोरीनं माझ्या पेटीत ठेवलेली. त्यांना पोचायला वेल लागल, थांबू नका बोलले.”

हरेश्वरनं साडीवर हात ठेवला आणि मोठ्यानं रडू लागला. “शेवटी तिच्या मानसांनी लाज राखली गो वैनी!”

बायकांनी साडी घातली. उभ्या असलेल्यांत वेणूबाईचा भाऊ दयारामही होता. त्यानं काठाकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. तिनं बोलू नको अशी मान हलवली. तो खाली बघत राहिला.

“आमची मुंबयकरीन गेली गो!” म्हातारीनं गळा काढला आणि ओटाभर बायका रडल्या. मग मात्र वेणूबाईही रडली. आपण कशासाठी रडतोय हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. साडीसाठीच जास्त असावं.

पुरुष निघाले. बायका दारापर्यंत गेल्या. वेणूबाईच्या माहेरच्या गल्लीवरून अंत्ययात्रा समुद्राकडे वळली, तेव्हा वाऱ्यानं साडीचा खालचा काठ उडाला आणि पांढऱ्या दोऱ्याचे टाके उन्हात दिसले. तिच्या आईचे टाके, लांब लांब घातलेले. मेली माझ्या माहेरच्या साडीत चालली, आणि तरी मुंबईकरीणच!

“वेणू,” आतून कोणीतरी हाक मारली, “ओटा धुवायचा हाय. पानी दे गो.”

“आयली,” वेणू म्हणाली आणि बादली घ्यायला वळली.