पुढच्या नाताळचं मागणं

आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावरच्या त्या घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती लावायची ती घरातल्या सर्वांत धाकट्यानं, आणि पहिली शुभेच्छाही त्यानंच द्यायची. पोरंबाळं नव्हती, म्हणून हा मान सुनेकडे, डर्वलाकडे आला. ती डब्लिनची. गेल्या वर्षी तिनं शाळेत घोकलेलं 'शुभ नाताळ' आयरिशमधून म्हणून दाखवलं, तर सासरा बार्टली म्हणाला, "हे रेडिओवरची बाईसुद्धा म्हणते. आपल्या घरचं शिक."

घरचं म्हणजे 'गो मेरिमिज ब्यो एर अन आम शो अरीश': देव करो आणि पुढच्या वर्षी याच वेळी आपण सगळे जिवंत असू. डर्वलानं वर्षभर गाडी चालवताना ते घोटलं. सासऱ्याची शाबासकी तिला हवी होती, आणि ते लपवणं तिला जमत नव्हतं.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, बार्टली फार तर वसंतापर्यंत.

"यंदा ते म्हणू नकोस," येताना नवरा, टायग, म्हणाला. "आईनं बजावलंय."

"बाबांना ठाऊक आहे ना?"

"आहे. म्हणून तर."

खारवलेला मासा आणि बटाटे खाऊन झाले. डर्वलानं मेणबत्ती लावली, 'शुभ नाताळ' म्हणाली. सासू बॅबीननं "तुलाही गं" म्हणत घाईनं ताटं उचलली.

"थांब जरा," बार्टली शेगडीजवळून म्हणाला. "पोरीचं संपलं नाही अजून."

टायग बूट न्याहाळू लागला.

"विसरलीस?"

"नाही."

"मग म्हण की. मेल्यावर वगळा खुशाल. आत्तापासून कशाला माझं नाव कापता?"

डर्वलानं ते म्हटलं, आणि ती एकदाही अडखळली नाही. त्यावर आधी घरातल्या थोरल्यानं आमेन म्हणायचं असतं, मग बाकीच्यांनी. बार्टली दरवर्षीच्या सुरात म्हणाला.

"डब्लिनच्या मानानं बरं जमलं," तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहत राहिला. बॅबीन ताटं धरून उभी होती. तिला त्याचा राग आला होता, फार राग. ती आमेन म्हणाली नाही. ताटं घेऊन आत गेली आणि नळ मोठा सोडला.

पुढच्या नाताळला बार्टली नव्हता. टायगनं या वेळी काहीच बजावलं नाही. डर्वलानं मेणबत्ती लावली आणि तेच म्हटलं. घरात थोरली आता बॅबीन होती. तिनं वेळ लावला नाही.

"आमेन," ती म्हणाली. "हे गेल्या वर्षाचंही धर."