दुसरा मृदंग

कोमलवल्लीने डाव्या हाताची करंगळी कॉफीच्या गरम पेल्याला टेकवून ठेवली होती.

"कॉफी प्यायची असते मामी, शेकायची नसते," उप्पिली मृदंग सुरात लावायला त्याच्या कडेवर दगड ठोकत म्हणाला.

"तू तुझं वाद्य बघ."

तिने हात पदराखाली घेतला. मैलापूरच्या संगीत सभेत सारंगपाणींच्या डाव्या बाजूला बसून व्हायोलिन वाजवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते गात, मागोमाग ती तेच तारेवर उमटवी. टाळ्या त्यांच्या, आणि 'बाईही बऱ्या वाजवतात' एवढं तिच्या वाट्याला. या वाटणीबद्दल तक्रार नव्हती. पण संधिवाताने करंगळी सुजल्यापासून ताणलेली तार दाबताना डोळ्यांत पाणी येई. पट्टी अर्धा स्वर खाली आली असती तर तारा सैलावून निभावलं असतं. पण पट्टी ठरवणार गायक. साथीदाराने ती उतरवा म्हणणं म्हणजे आपल्या हाताने जागा खाली करणं, आणि त्या जागेवर चार पोरी डोळा ठेवून होत्या.

सारंगपाणी आले. चेन्नईतही गळ्याला मफलर. नेहमीची पट्टी लागली. त्यांनी वरचा षड्ज लावून पाहिला आणि मध्येच खोकले.

"धूळ फार," ते पंख्याकडे पाहत म्हणाले.

उप्पिलीचा दगड थांबला. "अण्णा, जरा पंचाईत आहे. माझा मृदंग आज वर चढेना. एसीने कातडं बिघडलंय. अर्धा स्वर खाली घेतलं तर?"

"आयत्या वेळी? तुझ्या बापाने असं कधी केलं नाही!"

"त्यांच्या वेळी एसी नव्हता."

"आणि तो दुसरा मृदंग?"

"तोही तसलाच."

सारंगपाणी बराच वेळ मफलर सारखा करत राहिले. "मी काय, कुठेही गाईन. हिला विचार."

"करीन कसंतरी," कोमलवल्ली कपाळाला आठी घालून म्हणाली. खुंट्या मात्र तिने इतक्या चटकन उतरवल्या की उप्पिलीने तोंड फिरवलं.

तोडी रंगला. सारंगपाणी वरच्या षड्जावर गेले ते तिथेच ठाण मांडून बसले. पाठोपाठ तिची करंगळी चढली आणि न कचरता तिथे टेकली. पहिल्या रांगेतून "भेष!" अशी दाद आली, ती नक्की कोणाला हे कळलं नाही, म्हणून दोघांनीही घेतली.

नंतर कँटीनमध्ये सारंगपाणी भेटेल त्याला सांगत होते, "या पोरामुळे पट्टी उतरवावी लागली. हल्लीची वाद्यं!" उप्पिली मान खाली घालून पोंगल खात होता.

व्हायोलिनची पेटी आणायला कोमलवल्ली मंचामागच्या खोलीत गेली. कोपऱ्यात दुसरा मृदंग खोळीतच होता. तिने नाडी सोडली, उजव्या तोंडावर बोट वाजवलं. जुन्या पट्टीचा षड्ज, खणखणीत. तळवा ठेवून तिने तो थांबवला आणि नाडी होती तशी बांधली.

परत येऊन तिने आपल्या पानावरचा शिरा उप्पिलीच्या पानावर सरकवला.

"तुम्हाला नको, मामी?"

"खा." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "पुढच्या वेळी तो दुसरा घरीच ठेव. उगाच ओझं."

उप्पिलीने एकदा तिच्या करंगळीकडे पाहिलं, एकदा सारंगपाणींच्या मफलरकडे.

"बरं मामी," तो म्हणाला, आणि शिऱ्यातला काजू आधी उचलला.